मागच्या जोडीत नवा टायर फुटला, जुना शाबूत! फिरवायचे तर कसे?

कांदा_एक्स्प्रेस

नमस्कार मंडळी. इथे गाडी म्हटलं की कारच्या मायलेजवर बोलणं चालतं, म्हणून जरा बिचकतच विचारतोय. आमची सहा टायरी टाटा १६१३ ट्रक आहे, पुढे दोन टायर आणि मागे दोन्ही बाजूंना आत-बाहेर अशी जोडी. गाडी वडिलांची, दिवाळीपासून मी बघतोय. लासलगाव ते वाशी कांदा, येताना मिळेल तो माल.

फेब्रुवारीत दोन नवे टायर घेतले, १०.००-२० मापाचे रेडियल. टायरवाला म्हणाला, नवे बाहेर टाका, आतले कोण बघतो. मीही मान डोलावली. आतले जुनेच राहिले, नक्षी झिजून जवळजवळ गोटा झालेले. परवा कसारा घाट उतरून शहापूरच्या अलीकडे उजवीकडचा बाहेरचा, म्हणजे नवाकोरा टायर गेला. साधं पंक्चर नाही, अख्खा पट्टा सोलून निघाला आणि मडगार्ड घेऊन गेला. आतला गोटा मात्र जसाच्या तसा. कसाबसा स्टेपनी टाकून वाशी गाठली.

आता टायरवाला म्हणतो, दर दहा हजार किलोमीटरला आतले बाहेर, बाहेरचे आत करायला हवे होते. आमचे ड्रायव्हर मामा तीस वर्षं गाडी चालवतायत, ते म्हणतात एकदा बसलेली जोडी मोडू नये. खरं कोणाचं? आणि मुळात नवाच का फुटला?

अर्धा_क्लच

लिंबू-मिरची पुढे बांधली होती की मागे?

मिरजेचा_मिस्त्री

नवा फुटला कारण तो नवा होता. चेष्टा करत नाही.

दोन माणसं शेजारी शेजारी उभी करा, एक उंच, एक बुटका, आणि दोघांच्या खांद्यावर एकच वासा द्या. वजन कुणाच्या खांद्यावर जाणार? उंचाच्या. बुटका नुसता हात लावून उभा. तुमचा नवा टायर उंच, जुना बुटका. जोडीचं वजन नव्यानं एकट्यानं ओढलं, तापला आणि गेला. जुना आतल्या आत घासत होता, पण त्याच्यावर भारच नव्हता, मग तो कशाला फुटतोय!

फिरवायचे कसे हा नंतरचा प्रश्न. आधी जोडी जुळवा.

अर्धा_क्लच

म्हणजे पत्रिका बघून जोडी जमवायची. एकनाड आली तर स्टेपनी.

डेपोतले_काका

एसटीच्या कार्यशाळेत नोकरी झाली, आता निवृत्त. मिस्त्रींनी सांगितलं ते बरोबर, पण माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. आतल्या टायरची हवा शेवटची कधी मोजली होती?

कांदा_एक्स्प्रेस

काका, खरं सांगू का, मोजलेली नाही. आतल्या व्हॉल्व्हला हात पोचत नाही. डिझेल भरताना मामा टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून बघतात. आवाजावरून कळतं म्हणतात.

डेपोतले_काका

आवाजावरून टायर पूर्ण बसलाय, म्हणजे हवा गेलीय, एवढंच कळतं. एकशेदहा पौंड आणि ऐंशी पौंड यांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही, मलाही कधी कळला नाही. आत ऐंशी आणि बाहेर एकशेदहा असेल, तर टायर सारखे असूनही बाहेरचाच जास्त ओढणार. तुमच्याकडे दोन्ही गोष्टी झाल्या असणार, उंचीही आणि हवाही.

आतल्या व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावून घ्या. चाक चढवताना दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या समोरासमोर, म्हणजे अर्ध्या वर्तुळाच्या अंतरावर ठेवा. बाहेरच्या डिस्कच्या भोकातून आतल्यापर्यंत नळी जाते. हवा गाडी थंड असताना, सकाळी. घाट उतरून आल्यावर मोजलेली हवा काही सांगत नाही.

हायवेचा_राजा

एवढं काही नसतं हो. बारा वर्षं झाली, मिळेल तो टायर मिळेल तिथे टाकतो. मागे चारपैकी चार वेगळ्या कंपन्यांचे असतात कधीकधी. काही होत नाही. हल्लीच्या टायरात दमच नाही, हे खरं कारण.

वऱ्हाडी_ड्रायव्हर

राजे, तुमी गाडी रिकामी चालवत असान.

कांदेवाले नाना, राग नका येऊ देऊ, पण काट्यावर वजन किती भरलं होतं ते सांगा ना बाप्पा. सारे टायरले शिव्या देतात, पोत्याईले कोणी मोजत नाही.

कांदा_एक्स्प्रेस

ते विचारू नका 🙂

गणितवाले_सर

ते न विचारता हिशेब करता येतो. टायरच्या बाजूला १४६/१४३ असा आकडा असेल, १६ प्लायच्या, म्हणजे १६ थरांच्या ताकदीच्या, रेडियलला बहुधा तोच असतो. पहिला आकडा टायर एकटा असताना किती झेपेल त्याचा, दुसरा जोडीत असताना. १४६ म्हणजे ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५ किलो. जोडीतली क्षमता कमीच धरतात, कारण दोन टायर भार कधीच अगदी निम्मा-निम्मा वाटून घेत नाहीत.

आता चार टायरच्या मागच्या आसाला कायद्याने पूर्वी १०.२ टन होते, २०१८ मध्ये ते ११.५ टन झाले. दोन आसांच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेलं ते तेव्हाच. तुमची गाडी जुनी, त्यामुळे आरसीवर जो आकडा असेल तोच तुमचा. १०.२ टन धरले तर एका टायरवर २५५० किलो. म्हणजे सगळं नियमात असतानाही २७२५ ला जेमतेम पावणेदोनशे किलो शिल्लक. बुटक्याने अंग काढून घेतलं की उंचावर ३००० च्या वर सहज जातं. त्यात वाढीव पोती असतील तर तुमचं तुम्हीच बघा.

दुसरी गोष्ट घासण्याची. नव्या रिब टायरची नक्षी साधारण १५ मिलिमीटर खोल, तुमच्या गोट्याची ४ धरू. त्रिज्येत ११ चा फरक, व्यासात २२, घेरात जवळजवळ ७ सेंटिमीटर. टायरचा व्यास एक मीटरच्या जरासा वर, म्हणजे किलोमीटरला सुमारे तीनशे फेरे. तीनशे गुणिले सात सेंटिमीटर, २१ मीटर. दोन्ही चाकं एकाच हबला नटांनी आवळलेली, फेरे सारखेच होणार, मग हे २१ मीटर कुणीतरी रस्त्यावर घासूनच भरून काढायचे. लासलगाव ते वाशी सव्वादोनशे किलोमीटर धरा. पावणेपाच किलोमीटर फरफट, एका खेपेत. हिशेब ढोबळ आहे, भाराखाली टायर दबतो वगैरे सोडून दिलंय, पण अंदाज यावा.

मिरजेचा_मिस्त्री

सर, एकदम बरोबर. मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो की डावी जोडी आणि उजवी जोडी यांच्यामध्ये डिफरन्शियल आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना कमी-जास्त फिरू देणारे गिअर, पण जोडीतल्या दोघांमध्ये नाही. डाव्या-उजव्यात थोडा फरक गाडी सोसते. आत-बाहेर फरक टायरच सोसतो.

माप सांगतो. ९.०० आणि त्यावरच्या मापाला जोडीतल्या दोघांच्या व्यासात १२ मिलिमीटरपर्यंत चालतं, ८.२५ आणि खाली ६ मिलिमीटर. महागडं यंत्र लागत नाही. दोन्ही टायरमध्ये सारखी हवा भरा, टायरच्या मधल्या रेषेवरून सुतळी फिरवा, गाठ मारा, काढा, जमिनीवर सरळ करून टेप लावा. घेरात पावणेचार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती जोडी नाही.

रेडियल आणि नायलॉन एका जोडीत कधीच नको. हायवेच्या राजानं हे तरी ऐकावं.

टिप्पर_फोंडा

हांव गोंयचो, मराठीत लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे खनिजाचे टिप्पर, सहा टायरी. खाणी चालू होत्या तेव्हा दिवसाला किती खेपा मारल्या त्यावर पोट. तिथे जोडीचा खरा शत्रू हवा नाही, दगड. दोन टायरच्या फटीत अडकतो, फिरत राहतो, दोन्हीच्या बगला कापतो. कधी सुटला तर गोळीसारखा मागच्याच्या काचेवर. प्रत्येक खेपेला जेटीवर रिकामं झाल्यावर क्लीनर टॉमी घेऊन वाकायचा, हा नियम.

टायर बसला किंवा जास्त दबला तर फट कमी होते, मग बगला एकमेकांना घासतात. हाताने बघितलं तर आतून काळी, चकचकीत पट्टी दिसते. ती दिसली तर टायर फिरवून उपयोग नाही.

कांदा_एक्स्प्रेस

बाप रे. आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. डाव्या जोडीत अशी पट्टी नाही. दगड मात्र सापडला, लिंबाएवढा.

अर्धा_क्लच

लिंबू मिळालं. आता मिरची शोधा.

मोजमाप_इंजिनियर

मूळ प्रश्न फिरवण्याचा होता म्हणून त्यावर लिहितो. सगळे सांगतात की आडवं, म्हणजे डावीकडचं उजवीकडे, फिरवलं तर टायरची फिरण्याची दिशा उलटते, एकाच बाजूला आत-बाहेर केलं तर दिशा तीच राहते. जोडीच्या बाबतीत हे उलट आहे.

स्वयंपाकघरातून दोन खोलगट ताटल्या आणा आणि पाठीला पाठ लावून धरा. मागच्या दोन डिस्क अशाच बसतात. म्हणजे बाहेरचं चाक आत टाकायचं तर ते पालथं करावंच लागतं. पालथं केलं, बाजू तीच राहिली, तर टायर आता उलटा फिरणार. तेच डावीकडचं बाहेरचं चाक उजवीकडे आत टाकलं, तर पालथंही झालं आणि बाजूही बदलली. दोन उलट मिळून सुलट. विश्वास बसत नसेल तर ताटलीवर खडूने बाण काढून करून बघा. मी बायकोसमोर केलं, तिने ताटल्या परत घासायला लावल्या.

हे महत्त्वाचं का? मागच्या टायरची नक्षी एका बाजूने झिजून करवतीच्या दातासारखी होते. तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर कडा बोचतात. असं झालं असेल तर दिशा उलटवायची, म्हणजे त्याच बाजूला आत-बाहेर. तसं नसेल आणि नुसती आतली जास्त झिजली असतील, तर आडवं. बाण असलेले टायर असतील तर हा सगळा विचार वेगळा, पण आपल्या ट्रकांना ते क्वचितच असतात.

गणितवाले_सर

ताटल्यांनी करून बघितलं. खरंच की!

हायवेचा_राजा

आतली जास्त झिजतात हे मात्र मान्य. रस्त्याला मध्ये फुगवटा असतो, आतला टायर फुगवट्यावर चालतो. म्हणून आत नवा टाकावा.

मिरजेचा_मिस्त्री

निम्मं बरोबर, निम्मं चूक. फुगवटा तुम्ही गावाकडच्या एकेरी रस्त्यावर मधोमध चालवता तेव्हा. चौपदरीला अख्खी पट्टीच एका बाजूला उतरती असते, तिथे आत-बाहेर फुगवट्याचा संबंध नाही. तिथे डावी बाजू जास्त ओझं घेते, आणि कडेचे खड्डेही तिलाच.

आतल्यावर भार जास्त यायचं दुसरं कारण आहे. कमान, म्हणजे पाट्यांची स्प्रिंग, हाऊसिंगवर (आसाच्या कवचावर) आत बसते, चाक टोकाला. माल भरला की हाऊसिंग मध्ये किंचित वाकतं आणि चाकांचे माथे आत झुकतात. त्यामुळे आतला टायर जास्त दाबला जातो. शिवाय तो ड्रमजवळ, घाटात ड्रमची धग त्यालाच. म्हणून मर्यादेत थोडा फरक असेलच, तर मोठा बाहेर आणि जरा बुटका आत. नाना, तुमच्या टायरवाल्यानं बाहेर नवा टाकला ते या नियमानंच टाकला असेल, पण नियम दोन-चार मिलिमीटरसाठी आहे, गोट्यासाठी नाही.

ह्यूस्टनकर

इकडे टेक्सासमधून. आमच्याकडे पिकअपलाही मागे जोडी असते, तिला ‘ड्युअली’ म्हणतात. माझी फोर्ड एफ-३५० आहे, मागे कॅम्पर ओढायला. इथे गंमत अशी की चार बाहेरून दिसणारी चाकं अ‍ॅल्युमिनियमची, चकाचक, आणि मागची दोन आतली साधी लोखंडी. त्यामुळे आत-बाहेर करायचं तर टायर रिमवरून उतरवावा लागतो, त्याचे दुकानदार वेगळे पैसे घेतो. मग बहुतेक जण काय करतात, पुढची दोन आपसात, मागची बाहेरची दोन आपसात, आणि आतल्यांना देव सांभाळो. तुमच्या टायरवाल्याचं ‘आतले कोण बघतो’ वाचलं आणि घरची आठवण आली 😄

वऱ्हाडी_ड्रायव्हर

म्हणजे अमेरिकेतही आतला टायर अनाथच आहे म्हणा.

डेपोतले_काका

टायर फिरवायच्या नादात दोन गोष्टी विसरू नका, म्हणून पुन्हा लिहितो.

एक, नट. चाक चढवण्याआधी डिस्कची आणि हबची बसायची जागा तारेच्या ब्रशने साफ करा. गंज, माती, रंगाचे थर मध्ये राहिले तर पहिल्या खेपेत ते दबतात आणि नट ढिले पडतात. समोरासमोरचे नट आवळत जायचं, गोल फिरत नाही. आणि ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळायचे. आमच्या वेळी एका गाडीचं आवळायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर प्रवासी खाली उतरले आणि बाहेरचं चाक आमच्या आधी गावात पोचलं. कुणाला लागलं नाही म्हणून आज हसून सांगतोय. त्या दिवशी कुणीच हसलं नव्हतं.

दोन, रिंग. तुमचे टायर ट्यूबवाले, म्हणजे रिमला लॉकिंग रिंग आहे. हवा भरताना ती निसटली तर माणूस जागेवर जातो. भरताना चाक पिंजऱ्यात, नाहीतर निदान रिंग जमिनीकडे आणि माणूस बाजूला. बसलेल्या टायरवर गाडी पळवली असेल तर तो उतरवून आतून बघितल्याशिवाय त्यात हवा भरूच नका. जोडीत हे हमखास होतं, कारण एक बसला तरी दुसरा गाडी उचलून धरतो आणि ड्रायव्हरला पत्ता लागत नाही.

कांदा_एक्स्प्रेस

काल दिवसभर गाडी उभी ठेवली आणि मिस्त्रींची सुतळी केली. घराशेजारच्या पंक्चरवाल्या चेट्टांनी चाकं उतरवून दिली. ते केरळचे, पण आमच्यापेक्षा शुद्ध निफाडी बोलतात.

डावी जोडी: बाहेरचा नवा आणि आतला गोटा. दोन सुतळ्या शेजारी शेजारी अंगणात पसरल्या. टेप लावायच्या आधीच मामांनी मधल्या जागेत बोटं ठेवली. चार बोटं. मग टेप लावला, सात सेंटिमीटर. सर, तुमचा हिशेब घरबसल्या बरोबर आला. आतल्याची हवा मोजली, ७८ पौंड. बाहेरच्यात ११०. काकांनाही पैकीच्या पैकी.

डावा नवाही पुढच्या खेपेत जाणार होता असं चेट्टा म्हणाले. त्याच्या खांद्याला बोट लावून दाखवलं, एका बाजूला रबर निळसर पडलं होतं.

आता माझ्याकडे आहे ते असं: पुढे दोन, आठ मिलिमीटरचे. एक नवा. दोन गोटे, चार-चारचे. स्टेपनी रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेली. काय करू?

मिरजेचा_मिस्त्री

निळसर पडलेला नवा बाद करा, आणि दोन नवे घ्या, एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. दोन्ही नवे पुढे. स्टेअरिंगला कायम चांगले टायर, रिमोल्ड तिथे नाही. पुढचे आठवाले दोन्ही मिळून एक जोडी, ती डावीकडे, कारण डावीला मार जास्त. दोन गोटे मिळून उजवी जोडी. ते दोघे बुटके असले तरी सारखे बुटके, एकमेकांशी भांडणार नाहीत. कायद्याला १.६ मिलिमीटर नक्षी लागते, पण तुम्ही तोवर थांबू नका. पावसाच्या आधी ते दोन्ही बदला, एकदमच. एकेक नाही.

आणि दर दहा हजाराला वगैरे पाठ करू नका. ग्रीसिंगच्या वेळी सहाही टायरची नक्षी मोजून वहीत लिहा. जोडीत तीन मिलिमीटरचा फरक दिसायला लागला की फिरवायची वेळ झाली.

मोजमाप_इंजिनियर

सहमत. एवढंच की डावी-उजवी जोडीत आठ विरुद्ध चार हा फरक फार दिवस ठेवू नका, डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही फिरत राहील.

हायवेचा_राजा

बरं, मीही आज सुतळी लावली. आकडा सांगणार नाही.

अर्धा_क्लच

किती बोटं तेवढं सांगा.

हायवेचा_राजा

एक वीत.

डेपोतले_काका

राजे, गाडी उभी करा आधी.

कांदा_एक्स्प्रेस

मिस्त्रींनी सांगितलं तसं सगळं केलं. नट कसाऱ्याच्या आधी थांबून पुन्हा आवळले, दोन नट खरंच पाव फेरा गेले. वाशीला पोचल्यावर चारही मागच्या टायरवर हात ठेवून बघितला. पूर्वी बाहेरच्याला हात टेकवत नव्हता, आता चारही सारखेच कोमट.

मामांना विचारलं, जोडी मोडू नये म्हणत होता ना? म्हणाले, मोडू नये असंच म्हणालो होतो, तूच बाहेर नवे टाकून मोडलीस. आता वही त्यांच्याकडे दिली आहे. पहिल्या पानावर त्यांनी ‘श्री’ काढून खाली सहा आकडे लिहिलेत, आणि सातवी ओळ स्टेपनीची, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. तो रिमोल्ड आता कोणाच्याच जोडीत बसत नाही. त्याचं काय करायचं?